हरळी मेली म्हणे

आमच्या ह्यांनी माझं लॉन मारलं, ही गोष्ट मी आजवर दोनच माणसांशी बोलले आहे. एक समोरच्या वहिनी, कारण त्यांना ती माझ्याआधीच माहीत होती. दुसरा आमचा मुलगा. तो पुण्याहून फोनवर हसला आणि म्हणाला, "आई, गवतच आहे ना?" माहेरी मात्र मी अजून तोंड उघडलेलं नाही. गवतच आहे हे मलाही कळतं हो. भांडण नुसतं गवताचं असतं तर दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी चहा टाकला असता.

लॉन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मंगल कार्यालयाचं मैदान येऊ देऊ नका. आमचं लॉन बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद. जळगावात, हायवेच्या अलीकडच्या एका कॉलनीत, घर आणि फाटक यांच्या मधल्या जागेत. पण एप्रिलमध्ये जिथे नळाचं पाणी दुपारी हात भाजवतं त्या गावात बारा पावलं हिरवी राखायची म्हणजे काय, ते इथल्या माणसालाच विचारा.

ते लावलं मी, आणि लावलं कशाचं, तर हरळीचं. नशिराबादच्या पुढे माझ्या थोरल्या दिरांचं शेत आहे. उन्हाळ्यात खोल नांगरट झाली की हरळीच्या काशा वर येतात, म्हणजे जमिनीखाली पसरलेल्या तिच्या दोरीसारख्या मुळ्या. त्या वेचून बांधावर टाकायच्या आणि वाळल्या की जाळायच्या, ही शेतकऱ्याच्या घरची रीत. मी नवीन घराला अंगण मिळाल्याच्या आनंदात त्या ढिगातल्या दोन गोण्या भरल्या. सासरे तेव्हा होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबांनी कपाळावर हात मारला. "हिले मारता मारता जन्म गेला आमचा, अन् तू पोत्यात घालून घरी नेते?" सगळं घर हसलं. हेही हसले. म्हणाले, "लहानपणी सुटी लागली की आम्हा भावांना काशा वेचायला बसवायचे. बोटं सोलायची. एवढासा तुकडा मातीत राहिला ना, की पावसाळ्यात पुन्हा उभी. हरळी काही मरत नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

महिनाभर बांधावर उन्हात पडलेल्या त्या काशा मी बोटाएवढ्या तोडल्या, वीतभर अंतरावर लावल्या आणि आठव्या दिवशी त्यांना कोंब आले. माझा विश्वास बसेना. हे तेव्हा पाईपच्या कारखान्यात होते. भंगारवाल्याकडून जाड पाईपचा एक तुकडा आणून, त्यात वाळू भरून, दोन्ही तोंडं बंद करून त्यांनी मला रोलर करून दिला. माझ्या लॉनसाठी त्यांनी हाताने केलेली ती एकच गोष्ट. तो रोलर फिरवताना मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

शाळेत मास्तरीण होते, त्यामुळे शिस्त अंगातच. लॉनलाही ती लावली. थंडीत हरळी रुसते, पिवळी पडते. तेव्हा तिला छेडायचं नाही, पाणीही बेताचं द्यायचं. होळीच्या आगेमागे चाळलेली माती आणि जुनं शेणखत पसरायचं. चैत्र लागला की कातर वर धरायची, गवत चांगलं चार बोटं उंच राहू द्यायचं, म्हणजे त्याची सावली त्याच्याच मुळांवर पडते. पाणी उजाडायच्या आत. कुंड्यांवर हिरवी जाळी बांधायची, मोगऱ्याच्या बुडाशी दिरांच्या शेतातली केळीची वाळकी पानं अंथरायची. आणि पावसाळ्यात लव्हाळा! लव्हाळ्याचं नुसतं पान तोडलं तर तो तुमच्यावर हसतो. खाली त्याची गाठ असते, ती खुरप्याने उकरून काढावी लागते. मी पाटावर बसून मोठ्या कात्रीने लॉन कापायची. मशीन घेतलं नाही. रोज सकाळी चपला काढून वीस फेऱ्या मारायची, आणि त्या वीस फेऱ्यांमध्ये मला कोणी हाक मारलेली खपायची नाही.

आता खुर्च्या. हे निवृत्त झाले आणि संध्याकाळी त्यांचे चार मित्र चहाला येऊ लागले. त्यांना बसायचं असायचं नेमकं लॉनच्या मधोमध. प्लास्टिकच्या खुर्च्यांचे पाय ओल्या मातीत रुततात, खड्डे पडतात, मग तिथे पाणी साचतं. मी खुर्च्या कडेच्या फरशीवर मांडायची, हे मधे ओढायचे. "लॉन काय नुसतं बघायला आहे का? बसायचं नाही?" मी म्हणायची, "चालायला आहे." मित्रांपुढे म्हणायची, तेही खरंच. त्यांना ते लागायचं, मला दिसायचं, पण मी हटले नाही. एकदा ह्यांनी मोबाईलवर प्लास्टिकच्या लॉनचा फोटो दाखवला. "बघ, पाणी नको, कापणं नको." मी म्हटलं, "मग मोगराही प्लास्टिकचा आणा, आणि उद्यापासून पोळ्याही." विषय संपला. मला वाटलं, संपला.

माझी अक्का धुळ्याला राहते. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई आजारी असायची, त्यामुळे माझी वेणी अक्काने घातली, पाढेही तिनेच घेतले. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं, आधी एक बदलू, मग काही महिन्यांनी दुसरा. पहिल्याची तारीख चैत्रातली ठरली, तीन आठवडे आधीच. तिचे मुलगा-सून सुरतेला, दोघांच्याही नोकऱ्या, आठ दिवसांपलीकडे सुटी नाही. अक्का एकटी. जायला मीच हवी, तेही दोन महिने. आणि ऐन उन्हाळ्यात.

तारीख ह्यांनाही ठाऊक होती, पण जाऊ का म्हणून विचारायला मी धजेना. आमच्या घरात माझं माहेरी जाणं म्हणजे काय असतं ते मी एकतीस वर्षं बघत आले होते. पिशवी भरायला घेतली की ह्यांचा चेहरा उतरायचा. "दोन दिवसांत ये हं. माझ्या डब्याचं काय?" माझे वडील गेले तेव्हा तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फोन होता, इस्त्रीचे कपडे कुठे ठेवलेत म्हणून. दुष्ट माणूस नाही. पण मी गेले की त्यांना अन्याय झाल्यासारखं वाटतं, आणि ते तसं वाटू देतात.

आणि या वेळी, मी काही बोलायच्या आधी, सकाळच्या चहाला हे आपणहून म्हणाले, "तू अक्काकडे जा. दोन महिने लागोत, नाहीतर तीन. इथली काळजी करू नको. झाडं, लॉन, सगळं मी बघतो."

माझ्या हातात कप तसाच राहिला. "काय म्हणालात?" त्यांनी पुन्हा सांगितलं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि रडले. एकतीस वर्षांत ते "जा" मला पहिल्यांदा मिळालं होतं. उशिरा का होईना, माणसाला आपलं मन कळलं, असं वाटलं. त्या दिवशी मी त्यांच्या आवडीची शेवभाजी केली.

मी मोठ्या अक्षरात कागद लिहून फ्रिजवर लावला. किती वाजता पाणी, कुंडीला किती, लॉनला किती, मोगऱ्याला कधी. ह्यांनी चष्मा लावून सगळा वाचला. वर विचारलं, "कातर किती उंचीवर धरायची म्हणालीस?" मी चार बोटं आडवी धरून दाखवली. त्यांनीही आपली चार बोटं धरून बघितली. हे दृश्य मला पुढे फार छळायचं होतं.

धुळ्याला गेल्या गेल्या मी अक्काला सांगितलं, ह्यांनी आपणहून पाठवलं. अक्का ऑपरेशनच्या भीतीने गारठली होती, तरी तिचा चेहरा खुलला. ती अजून घरात आमची खानदेशीच बोलते. म्हणाली, "माणूस बदलस, बहिन. सोनाना माणूस शे तो." सोन्याचा माणूस! मीही मान डोलावली. मला तेच ऐकायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. खरा त्रास पुढे. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी गुडघा वाकवायला लागली की अक्का अख्खी गल्ली गोळा करायची. "मी नही करत! मारी टाक मले!" मग मी एक युक्ती काढली. ह्यांचा रोज संध्याकाळी फोन यायचा, त्यानंतर लॉनचा फोटो. मी अक्काला म्हणायची, "दहा वेळा वाकव, मग आजचा फोटो दाखवते." आणि म्हातारी वाकवायची! फोटो बघून म्हणायची, "इतलं हिरवं? या उन्हात?" मग तिने एक ध्यास घेतला. पाय बरा झाला की जळगावला येईन आणि तुझ्या लॉनवर अनवाणी चालेन. वॉकर धरून पाऊल टाकताना ती तेच घोकायची. मी तिला सांगायची, आमच्या ह्यांची कमाल आहे. शेजारणीला सांगायची, औषधाच्या दुकानात सांगायची. कोणी विचारलं नाही तरी सांगायची.

फोनवर मी विचारायची, "पाणी घातलं?" "घातलं. पाचला उठलो." "कापलं?" "काल कापलं. पाठ धरली बघ." एकदा मी फोटो मोठा करून म्हटलं, "इतकं सारखं कसं कापलंत हो? मला इतक्या वर्षांत जमलं नाही." ते म्हणाले, "तूच तर शिकवलंस, चार बोटं." मला लाजल्यासारखं झालं. या वयात! खरंच सांगते, त्या दोन महिन्यांत मी ह्यांच्या नव्याने प्रेमात पडले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अक्काचा मुलगा ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी आला. म्हणाला, मावशी, तू आता घरी जा. मी ह्यांना न कळवता बसमध्ये बसले. म्हटलं, होऊ दे गंमत. जळगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. रिक्षावाल्याने तोंडाला पंचा गुंडाळला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

फाटक उघडलं आणि मी उभीच राहिले. लॉन हिरवंगार होतं. एक काडी पिवळी नाही. कॉलनीत एकाच्याही दारात हिरवं पान नव्हतं आणि आमच्याकडे हे! मी पिशवी खाली टाकली, चपला काढल्या आणि दोन महिन्यांच्या ओढीने सरळ त्यावर पाय ठेवला.

तव्यावर पाय ठेवला असता तर तेवढाच भाजला असता. मी किंचाळले. दुसरा पाय टेकला, तोही भाजला. उड्या मारत फरशीवर आले तर फरशी त्या लॉनपेक्षा गार. मग वाकून हात लावला. ताठ, कोरडं, चकचकीत. कडेला ओढून बघितलं तर खिळ्यासकट अख्खी कड वर आली. खाली काळी जाळी आणि खडीची बारीक कच. मधोमध चार खुर्च्या होत्या.

हे आवाजाने बाहेर आले, बनियनवर, डोळे चोळत. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अगं, तू रविवारी येणार होतीस ना?"

मी एका पायावर उभी होते. ह्यांनी बादली आणली, माझे पाय पाण्यात ठेवले, आणि भडाभडा बोलायला लागले. "मेली गं हरळी. यंदा ऊन काय होतं! पंधरा दिवसांत जळून मेली. मी पाणी घातलं, सगळं केलं. तुला तिकडे काळजी नको म्हणून बोललो नाही. मग म्हटलं, तू येशील तेव्हा समोर उजाड दिसायला नको. तुझ्या गुडघ्यांचाही विचार केला. आता पाटावर बसून कापायला नको." बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. आणि मी, तळपाय जळत असताना, त्यांच्यावर विश्वास ठेवायला निघाले होते. त्यांच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवणार होते.

मग तो शब्द आत पोहोचला. मेली? हरळी मेली?

"काय म्हणालात?" मी विचारलं. "हरळी मेली?"

"जळून गेली गं."

"जळाली असेल वरून. मेली का? आबांचा जन्म गेला तिला मारता मारता. तुमची बोटं सोलली काशा वेचताना. महिनाभर बांधावर पडलेली काशी मी लावली आणि आठव्या दिवशी कोंब आला, तुमच्या डोळ्यांदेखत. शहरातल्या माणसाने म्हटलं असतं तर ऐकलं असतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला माणूस मला सांगतो हरळी मेली?"

ते बादलीतल्या पाण्याकडे बघत बसले. मला तेव्हा एवढंच कळलं की हे खोटं आहे. किती खोटं आहे ते संध्याकाळी कळलं.

समोरच्या वहिनी माझी किंकाळी ऐकून कोरफड घेऊन आल्या. हे मित्रांना आज येऊ नका सांगायला बाहेर गेले होते. वहिनी तळपायाला गर लावता लावता म्हणाल्या, "पण तुम्हाला माहीत होतं ना? माप घ्यायला माणूस आला तेव्हा तुम्ही अजून धुळ्याला गेला नव्हता."

"कधी आला?"

"अहो, तुम्ही अक्कांसाठी सुती गाऊन आणायला बाजारात गेला होता नाही का, त्या दिवशी. टेप घेऊन आला होता. आणि तुम्ही धुळ्याला गेलात त्याच्या तिसऱ्याच दिवशी टेम्पो आला. दोन तासांत सगळं अंथरून झालं. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलेलं आहे."

मी बोटांवर दिवस मोजले. गाऊन मी ऑपरेशनच्या दहा दिवस आधी आणले होते. आणि चहावरचं ते "जा" त्याच्या दुसऱ्या दिवशीचं.

म्हणजे माप घेऊन झालं होतं. मग मला "जा" मिळालं. मग कातर किती उंच धरायची ते विचारलं. तिसऱ्या दिवशी ऊन कुठलं, जळणं कुठलं! चांगलं चार बोटं उभं, हिरवं, मी निघायच्या सकाळी पाणी घातलेलं लॉन होतं ते. त्याच्यावर कच टाकली. आणि मग दोन महिने रोज संध्याकाळी, पाचला उठलो, पाणी घातलं, पाठ धरली. मी नळ सोडून रडले होते, शेवभाजी केली होती, औषधाच्या दुकानात कौतुक सांगितलं होतं, ते सगळं एकेक करून आठवलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की वहिनींकडे बघवेना.

हे परत आल्यावर मी सरळ विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, "विचारलं असतं तर तू हो म्हटली असतीस का?"

"नाही."

"मग?" जणू संपलाच प्रश्न. नंतर हळूच म्हणाले, "आणि तुला जायचंच होतं ना अक्काकडे? मी आनंदाने पाठवलं. एकदा तरी अडवलं का? त्यात मी काय वाईट केलं?"

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "तुम्ही मला पाठवलं नाही. तुम्ही मला बाजूला केलं. माझी बहीण वेदनेने ओरडत होती आणि तुम्हाला त्यात खुर्च्या मांडायला सवड सापडली. लॉन हवं तर पुन्हा लावीन. पण जन्मात एकदा तुम्ही मला माहेरी जा म्हणालात, तेही माझं नव्हतं!" त्यांना त्यातलं काय कळलं कोण जाणे. म्हणाले, "एवढं काय त्यात?" मी पाय ओढत आत गेले. फ्रिजवरचा कागद तसाच होता, नवा करकरीत, एक डागही न पडलेला. मी तो फाडला.

पाऊस लागल्यावर भिंतीच्या बाजूने, जिथे दोन पट्ट्यांचा सांधा होता, तिथून दोन हिरवी टोकं वर आली. मी खाली बसून बघितलं. हरळीच. मी आतून मोठी कातर आणली आणि सांध्यापासून कापायला सुरुवात केली. हे खिडकीत उभे होते. प्लास्टिक उचललं, जाळी फाडली, तर खाली पांढऱ्या-पिवळ्या काशा सगळीकडे धावलेल्या, उजेड शोधत. मला भरून आलं. आठवडाभर रोज थोडं कापलं, कच घमेल्याने काढली, माती पसरली. श्रावण संपायच्या आत बारा पावलं हिरवी झाली. एक दिवस हे तिथे उभं राहून कौतुकाने म्हणाले, "बघ, मेली नव्हती." मी खुरपं हातात घट्ट धरलं आणि लव्हाळा उपटत राहिले. प्लास्टिकची गुंडाळी मी भंगारात द्यायला निघाले तर त्यांनी दिली नाही. "असू दे, कुठेतरी कामाला येईल." जिन्याखाली पडून आहे.

दसऱ्यानंतर अक्का आली. काठी टेकत, पण स्वतःच्या पायाने. रिक्षातून उतरली, आत गेली नाही, पाणी प्यायली नाही. फाटकातच माझ्या खांद्याला धरून चपला काढल्या आणि लॉनवर पाऊल ठेवलं. बारा पावलं गेली, बारा पावलं आली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग ह्यांच्यापुढे थांबली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "भाऊ, तुम्ही तिला पाठवलं, वर हे सगळं सांभाळलं. तुमच्यामुळे मी चालते आज."

मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता तरी मान खाली घालतील. ते म्हणाले, "त्यात काय अक्का. हिने कागद लिहून दिला होता, तसंच केलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण सांगते काय तिला? तू गुडघा ज्या फोटोसाठी वाकवलास तो प्लास्टिकचा होता? तुझं ऑपरेशन ठरलं म्हणून ह्यांना संधी मिळाली? अक्काला मी ओळखते. हे कळलं असतं तर दुसरा गुडघा तिने तसाच ठेवला असता, मला पुन्हा बोलावलं नसतं. मी म्हटलं, "चल, आत चहा ठेवते." आणि त्या दिवसापासून ह्यांच्या खोट्यात मीही सामील झाले. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

दुसऱ्या गुडघ्याची तारीख मार्गशीर्षातली ठरली. चहा पिता पिता हे म्हणाले, "तू जा. इथली काळजी करू नको." शब्द तेच, आवाज तोच. कदाचित या वेळी खरंच मनापासून असेल. मला ओळखता आलं नाही. पूर्वी आलं असतं.

मी गेले. अक्कासाठी जायलाच हवं होतं. आता रोज सकाळी सातला धुळ्याहून मीच फोन लावते, व्हिडिओचा. म्हणते, "लॉनवर चला. चप्पल काढा. पाय दाखवा." हे कुरकुरत चप्पल काढतात, मोबाईल खाली धरतात, दवाने ओला झालेला पाय दाखवतात. अक्का पलंगावरून बघते आणि खुदूखुदू हसते. "म्हातारपणी काय हे लाड तुमचे!" तिला वाटतं, ही आमची गंमत आहे. मी वाटू देते.

पाय ओला असतो. रोज असतो. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हणते, चप्पल काढा.